टांगणीवरचं हरीण

पडदा वर जातो तेव्हा पहिल्यांदा दिसते ती टांगणी. दोन जाड खांब, त्यांवर आडवा टाकलेला साल सोललेला देवदाराचा ओंडका, आणि त्या ओंडक्याला शिंगांनी बांधून ओळीनं लटकवलेली नर हरणं. जिभा बाहेर, डोळे उघडे, मागचे पाय जमिनीपासून हातभर वर. प्रत्येकाला शिकाऱ्याच्या नावाचा बिल्ला बांधलेला. मागे गॉर्डी ट्रेंब्लेचा बार, त्याच्या खिडकीत बिअरची लाल पाटी, आणि दारापासून रस्त्यापर्यंत नारिंगी कोटांतली पुरुषमंडळी. हातात कागदी पेले, तोंडात शिकारीच्या बाता. टॅमरॅक गावात शिकारीचे पहिले दोन दिवस शाळा बंद असते, बँक नावाला उघडी असते, आणि टांगणी भरलेली असते. सुपीरियर सरोवराच्या या अंगाला, मिशिगनच्या पार उत्तरेला, हा आमचा सण.

नेपथ्य सगळं जागच्या जागी आहे. चुकलाय तो प्रकाश. एव्हाना गुडघाभर बर्फ हवं, तोंडातून वाफ हवी, उजेड करडा आणि निळसर हवा. त्याऐवजी पिवळंधमक ऊन पडलंय, जणू मे महिन्याच्या प्रयोगाचे दिवे कुणीतरी चुकून लावलेत. माणसांनी कोटांची बटणं सोडली आहेत. आणि ओळीत मधोमध लटकलेल्या, सगळ्यांत थोराड, दहा टोकांची शिंगं मिरवणाऱ्या नराच्या पोटाशी एक माशी बसली आहे. नोव्हेंबरात माशी!

आणि डावीकडून, पोस्टाच्या कोपऱ्यावरून, लेम्पी केस्किटालो प्रवेश करते.

तिला बघून दोघा-तिघांनी पेले खाली घेतले. लेम्पी तेव्हा अडुसष्टची होती. उंचीनं बेताची, खांद्यानं रुंद, पांढरे केस मुलासारखे कापलेले, आणि चेहरा असा की समोरच्याला वाटावं, आपण नक्की काहीतरी केलंय. बहुधा केलेलंही असायचं. गावातल्या अर्ध्या घरांचं हरणाचं मांस तिच्या हाताखालून जायचं. घरामागच्या गॅरेजात तिनं बंद पडलेल्या डेअरीची थंड खोली आणून बसवली होती, भिंतीला मांस टांगायचे आकडे, मधे लांब टेबल. नोव्हेंबरात लोक हरीण घेऊन तिच्या दाराशी रांग लावत आणि आपली पाळी येईपर्यंत मनातल्या मनात उत्तरं पाठ करत.

"कधी मारलंस?"

"सकाळी, लेम्पीबाई."

"कोथळा कधी काढलास?"

"लगेच."

"लगेच म्हणजे आधी फोटो, मग सिगारेट, मग भावाला हाका, मग लगेच. वास येतोय मला. बरगड्या मिटलेल्या कशा? मधे काडी का नाही घातलीस? आतली ऊब बाहेर जायची कुठून, तुझ्या कानातून? आणि हे ओलं कसं? धुतलंस? ओढ्याच्या पाण्यानं? अरे, ते मांस आहे, मोजे नाहीत. कोरड्या फडक्यानं पुसायचं असतं. चल, ने. तुझ्या कुत्र्याला घाल. कुत्र्यानं नाही खाल्लं तर मला येऊन सांग, मी कुत्र्याचं अभिनंदन करीन."

असं ती खरंच परत पाठवायची. माणसं शिव्या देत जायची आणि पुढल्या वर्षी हरीण स्वच्छ, कोरडं, उघड्या बरगड्यांचं घेऊन यायची. आवडती मात्र ती कुणाचीच नव्हती. तिलाही कुणी आवडत नव्हतं. हिशेब बरोबर होता.

हे सगळं तिला शिकवलं तिच्या बापानं, एर्की केस्किटालोनं. शिकवलं म्हणजे काय, तर तेरा वर्षांच्या लेम्पीच्या हातात सुरी दिली आणि मागे हात बांधून उभा राहिला. सुरीचं टोक जरा खोल गेलं आणि लघवीची पिशवी फुटली. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना मासे होते आणि लेम्पीच्या ताटात त्या डागाळलेल्या मांसाचा तुकडा. "खा," बाप म्हणाला. तिनं खाल्ला. त्यानंतर तिच्या हातून कधी ती पिशवी फुटली नाही, आणि त्यानंतर ती बापाशी कामाशिवाय बोललीही नाही.

धाकटा भाऊ वेर्नर सोळाचा झाला तेव्हा बाप त्याला जंगलातल्या कॅम्पवर घेऊन गेला. कॅम्प म्हणजे ओंडक्यांचं एक खोपट, चार बाकं, एक चूल, पलीकडे वाफेच्या अंघोळीची सौना. तिथे बायकांना मज्जाव. नियम कुणी लिहिलेला नाही. लिहिलेला असता तर लेम्पीनं तो फाडला तरी असता. गावात तिच्याइतका अचूक नेम कुणाचा नव्हता, पण ती घरामागच्या सफरचंदाच्या झाडाखाली बसून शिकार करायची आणि वेर्नर कॅम्पवर. बाप गेला, कॅम्प वेर्नरकडे आला. दर वर्षी कॅम्पवरची हरणं लेम्पीच्या टेबलावर यायची. कॅम्पवरून बोलावणं कधी आलं नाही.

मागल्या वर्षी तेही तुटलं. वेर्नर हरीण घेऊन आला ते आदल्या दिवसापासून ताडपत्रीत गुंडाळलेलं, ट्रकच्या मागे. लेम्पीनं ताडपत्रीचं एक टोक उचललं आणि सोडून दिलं.

"ने परत."

"अगं, तू सख्खी बहीण ना माझी?"

"म्हणूनच हळू आवाजात सांगितलं."

वेर्नरनं रागारागानं ते हरीण शेजारच्या गावातल्या कसायाकडे टाकलं. तिथून जे सॉसेज आलं ते कुणाच्या हरणाचं होतं कोण जाणे. घरात ते कुणी तोंडात धरेना. तरी वेर्नर बारमध्ये सांगत फिरला की बहिणीच्या हातापेक्षा बरं होतं. ते लेम्पीच्या कानावर आलं. तिनं भर चर्चच्या पायऱ्यांवर सांगून टाकलं की वेर्नरच्या हरणाला यापुढे आपला हात लागणार नाही, तो उपाशी मेला तरी.

यंदाच्या शिकारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला फोन आला तो वेर्नरच्या मुलीचा, कार्लाचा. कार्ला उन्हाळ्यात नवऱ्याचं घर सोडून तीन मुलांसकट बापाकडे राहायला आली होती. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करायची, तिथूनच बोलत होती. मागे भांड्यांचा आवाज.

"आत्या, बाबांनी काल पहाटे मोठा नर मारला."

"अभिनंदन कर त्याचं."

"तो टांगणीवर आहे, आत्या. कालपासून. आज संध्याकाळी सर्वांत भारी नर कुणाचा याचा निकाल लागेपर्यंत बाबा खाली काढणार नाहीत. काल दुपारभर ट्रकच्या बॉनेटवर घालून सगळ्या गावातून फिरवला. मी म्हटलं, ऊन आहे. तर म्हणतात, तुला काय कळतं." जरा थांबून ती म्हणाली, "आमच्या फ्रीझरमध्ये एक मटारची पिशवी आहे. आणि बर्फ. बाबांचा गुडघा असा की आता या हंगामात ते परत जंगलात जाऊ शकणार नाहीत. हिवाळ्याला तेच हरीण आहे, आत्या."

"मी त्याच्या हरणाला हात लावणार नाही. सांगितलंय मी."

"माहितेय," कार्ला म्हणाली. "मी फक्त सांगितलं."

लेम्पीनं फोन ठेवला. कॉफी ओतली, वेलदोड्याच्या पावाचा तुकडा तोडला, आणि तो तसाच ताटलीत टाकून उठली. खिडकीबाहेर तापमापकाकडे बघून तिनं बापाच्या भाषेतली, फिनिश, एक शिवी दिली. तिला त्या भाषेतलं आता बरंचसं येईनासं झालं होतं. शिव्या तेवढ्या शाबूत होत्या.

तर अशी ती टांगणीसमोर आली.

वेर्नर नराच्या बाजूला खुर्ची टाकून बसला होता, गुडघा ताणून, नवरदेवाच्या बापासारखा. लोक येत होते, शिंगांना हात लावत होते, पाठ थोपटत होते. बहिणीला बघून त्यानं हनुवटी वर केली.

"बघायला आलीस? बघ. डोळे भरून बघ. अप्पांच्यापेक्षा मोठा आहे."

बारच्या आत, आरशाच्या वर, एक लाकडी पाटी आहे. दर वर्षी टांगणीवरच्या सर्वांत भारी नराच्या मालकाचं नाव तीवर रंगवतात. एर्की केस्किटालोचं, त्यांच्या अप्पांचं, नाव तीवर चार वेळा आहे. वेर्नरचं एकदाही नाही. बाप जिवंत असेपर्यंत दर ख्रिसमसला हे एकदा तरी बोलून दाखवायचा.

लेम्पी पुढे झाली. तिनं नराला हात लावला नाही. वाकून नाक तेवढं पोटाच्या फटीजवळ नेलं. मग कमरेशी. मग डाव्या मांडीशी.

"कमरेचं हाड फोडलेलं नाहीस."

"नंतर फोडीन."

"छाती बंद. काडी नाही. आत पाणी घातलंस, दलदलीचं. पाचोळा चिकटलाय अजून. आणि ही डावी बाजू बॉनेटवर होती ना? गरम इंजिनवर? मारलेल्या जनावराची ऊब घालवायची असते रे, वेर्नर. तू शेकलंस त्याला."

"हे बघ, माझं हरीण आहे."

"काल होतं. आज थोडं माश्यांचं आहे. संध्याकाळपर्यंत सगळं त्यांचं होईल. खाली काढ. माझ्या थंड खोलीत टाक. मी हात लावणार नाही, तू सोल. पण आत्ता."

"आणि पाटीवर नाव कुणाचं लावू, तुझं?"

हशा पिकला. वेर्नरला हशा नेहमीच चढायचा. तो गर्दीकडे वळून म्हणाला, "माझ्या बहिणीला मांसाची काळजी नाही मंडळी. तिला अप्पांची काळजी आहे. अप्पांचा विक्रम मोडला तर तिला रडू येईल!"

त्या गर्दीत एकालाही ठाऊक नव्हतं की त्यानं नेमकं काय म्हटलंय. वेर्नरलाही नव्हतं. लेम्पीच्या मानेवर लाल डाग उठले. ती वळली आणि चालू पडली, आणि लोकांना वाटलं, झालं, गेली.

ती पेट्रोल पंपावर गेली होती. दोन्ही काखांत बर्फाच्या पिशव्या घेऊन परत आली, वेर्नरच्या खुर्चीला वळसा घातला, आणि हरणाच्या पोटात पिशव्या कोंबू लागली. पिशवीवर पिशवी.

"ए! ए! लेम्पीबाई!" बारमधून गॉर्डी ट्रेंब्ले धावत आला. गॉर्डी टांगणी समितीचा अध्यक्ष, सचिव आणि एकमेव हजर सभासद. पोट मोठं, आवाज बारीक, नियमांवर जीव. "हे चालत नाही. वजनावर नंबर लागतो इथे. बर्फानं वजन वाढतं."

"मग वजन करताना काढ."

"पाणी झिरपतं. मांसात मुरतं. दुसरे तक्रार करतील."

"कोण दुसरे? नावं सांग. मी त्यांचीही हरणं हुंगते."

दुसरे लगेच बुटांकडे बघू लागले.

"नियम म्हणजे नियम," गॉर्डी म्हणाला. घाम पुसत होता बिचारा. तो वाईट माणूस नव्हता, पण आयुष्यात त्याच्याकडे हा एकच अधिकार होता. "टांगलेलं हरीण निकालापर्यंत टांगलेलंच राहायला हवं. खाली उतरवलं की बाद. आत काही भरलं तरी बाद."

"काढ तो बर्फ, लेम्पे," वेर्नर म्हणाला. "मला बाद करायला आलीस काय?"

"तुझ्या घरात तीन पोरं आहेत."

"माझ्या घरातली पोरं मी बघीन. तू तुझं बघ. तुझ्या घरात कोण आहे? आकडे आहेत, आकडे!"

आता कुणी हसलं नाही. रसेल, लेम्पीचा नवरा, खाणीत मरण पावला होता. मूलबाळ झालं नव्हतं. गावात ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तोंडावर काढत नसे. वेर्नरनं काढलं. काढल्यावर त्याच्याच चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण शब्द गेलेला होता.

लेम्पीनं एकेक करून पिशव्या बाहेर काढल्या. रस्त्याच्या कडेला नीट रचून ठेवल्या. "सडू दे," ती म्हणाली, कुणाला उद्देशून नाही. "सडू दे त्याला. तुझी शिंगं उकडून खा."

ती घरी गेली.

आणि घरी तिचं मन लागेना. गॅरेजात दोन हरणं टांगलेली होती, तिनं एक टेबलावर घेतलं आणि कापायला बसली. सुरी चालत होती, पण नाकातून तो वास जात नव्हता. अजून सडका नव्हता तो. सडण्याच्या आधीचा, किंचित गोडसर. हाडाजवळ सुरू होतो. बाहेरून मांस लाल, चकचकीत, सुरेख दिसतं, आणि आत सांध्याशी हिरवट होत जातं. ज्याला ठाऊक नाही तो फसतो. ज्याला ठाऊक आहे त्याला झोप लागत नाही. लेम्पीनं आयुष्यात माणसं पुष्कळ वाया जाताना पाहिली होती, बाप धरून, आणि त्यांचं तिला फारसं वाटलं नव्हतं. पण धडधाकट जनावर मारायचं आणि त्याचं मांस मिरवण्यापायी घालवायचं, हे तिला सहन होत नसे. देवळात कुणी थुंकलं तर होईल तसं व्हायचं तिला.

दुपार कलायच्या आत तिनं सुरी धुतली, पुसली, दुसरी पातळ सुरी घेतली, छोटी करवत घेतली, स्वच्छ चादर काखेत मारली आणि ट्रक काढला.

टांगणीसमोर गर्दी दुप्पट झाली होती. निकालाची वेळ जवळ येत होती, काटा आणून ठेवला होता. माशी आता एकटी नव्हती. लेम्पीनं ट्रक थेट टांगणीला पाठ लावून उभा केला, बारच्या दारातली शिडी उचलली, ती नराशेजारी टेकवली, आणि वर चढली.

"गॉर्डी!" तिनं वरून हाक मारली. तो आवाज रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेला असणार. "नियम पुन्हा सांग. सगळ्यांना ऐकू जाईल असा."

"निकालापर्यंत टांगलेलं राहायला हवं," गॉर्डी म्हणाला. "खाली उतरवायचं नाही. आत काही भरायचं नाही."

"कोट घालून टांगायचं, असं आहे का नियमात?"

गॉर्डी बोटांवर नियम पुन्हा मोजू लागला.

लेम्पीनं मानेभोवती सुरी फिरवली, एका हातानं, सफरचंद सोलावं तशी. मग दोन्ही मुठींत कातडं धरलं आणि अंगाचा भार टाकून खाली ओढलं. चर्र असा आवाज झाला. खांद्यापर्यंत पांढरं आणि तांबूस मांस उघडं पडलं, आणि त्यातून कोंडलेली ऊब बाहेर आली. दीड दिवसानंतर, अजून, ऊब. ती ऊब तोंडावर येताच पुढे उभ्या जुन्या माणसांनी टोप्या मागे सरकवल्या. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

वेर्नर खुर्चीवरून उठला. गुडघ्यानं एकदा दगा दिला, पुन्हा उठला. शिडीपाशी येऊन त्यानं बहिणीचा घोटा धरला.

"उतर खाली."

"सोड."

"कातडं गेलं की वजन गेलं. माझा नंबर जाईल, लेम्पे. मी एकाहत्तरचा—" तो चुकला, तो चौसष्टचा होता. रागात त्यानं बापाचं वय सांगितलं, ज्या वयात बापानं चौथ्यांदा पाटीवर नाव लावलं होतं. "मला पुन्हा असा नर मिळणार नाही. एकदा तरी. तू माझं एकही चांगलं होऊ दिलं नाहीस."

"मी?" लेम्पी शिडीवरून खाली वाकली. "मी तुझी चाळीस वर्षं हरणं कापली. तुझ्या त्या खोपटात मला पाय ठेवू दिला नाहीस, तरी कापली. तुझ्या बायकोला, पोरीला, माझ्या हातचं मांस गेलं. आणि तू बारमध्ये सांगितलंस, कसायाचं बरं होतं."

"तू दारातून हाकललंस मला! सगळ्यांसमोर!"

"सडकं आणलंस म्हणून."

"अप्पांसारखी बोलतेस."

या वेळी त्याला नीट ठाऊक होतं तो काय म्हणतोय. लेम्पीचा सुरीचा हात थांबला. क्षणभर असं वाटलं की आता खरंच काहीतरी घडेल, आणि गॉर्डीनं दोन पावलं मागे घेतली.

"अप्पांनी ते मांस माझ्या ताटात वाढलं होतं," ती हळू म्हणाली. "मी तुझ्या पोरांच्या ताटात वाढू देणार नाही. ये इकडे."

"काय?"

"नाक आण. अप्पांचा मुलगा आहेस ना? हुंग. आणि मग सांग मला थांबायला. तू सांगितलंस तर थांबते. आईशप्पथ."

ती शिडीवरून उतरली, करवतीनं कमरेचं हाड दोन फटक्यांत उघडलं, आणि मांडीचा सांधा दोन बोटांनी फाकवला. वेर्नरनं गर्दीकडे पाहिलं, बारच्या खिडकीतून आतल्या लाकडी पाटीकडे पाहिलं. मग तो वाकला.

बराच वेळ वाकलेला राहिला. सरळ झाला तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा रंग गेलेला होता. डाव्या बाजूचा सांधा हुंगला होता त्यानं.

"उजवी?" त्यानं विचारलं.

"उजवी अजून आहे. खांदे आहेत. पाठ आहे. मान आहे. आत्ता आहेत. अर्ध्या तासानं मला विचारू नकोस."

गॉर्डी खाकरला. "वेर्नर, हे बघ, निकाल अगदी जवळ आलाय, जरा कळ काढलीस तर—"

"गप रे, गॉर्डी," वेर्नर म्हणाला.

त्यानं खुर्ची उचलली, मिटली, आणि बहिणीकडे न बघता म्हणाला, "काप. आणि मला तुझं तोंड दाखवू नकोस." आणि लंगडत जाऊन आपल्या ट्रकमध्ये बसला, काचा वर करून, त्या उन्हात.

लेम्पीनं तोंड दाखवलं नाही. तिनं कातडं एका दमात घोट्यांपर्यंत खाली ओढलं. मग सुरी सांध्यांमधून अशी फिरली की हाडाला लागल्याचा आवाज नाही. खांदे सुटले, पाठीचे दोन लांब पट्टे सुटले, उजवी मांडी सुटली. एकेक तुकडा चादरीत, चादर ट्रकमध्ये, आणि वर गॉर्डीनं बाद केलेल्या, रस्त्याकडेला अर्ध्यामुर्ध्या उरलेल्या बर्फाच्या पिशव्या. मदतीला कुणी पुढे झालं नाही; कुणाची छाती नव्हती. डावी मांडी तिनं कापून काढली, सांध्याशी पुन्हा एकदा हुंगली, जणू मत बदलण्याची तिला शेवटची संधी दिली, आणि बारच्या कचऱ्याच्या पिंपात टाकली. झाकण जोरात लावलं.

टांगणीवर उरलं ते डोकं, मान सोललेली, आणि दहा टोकांची शिंगं. मान तिनं शेवटी उतरवली. डोकं तेवढं राहू दिलं. नियमाप्रमाणे ते टांगलेलंच होतं. निकाल लागला तेव्हा पाटीवर नाव लागलं ते एका लाकूडतोड्याच्या मुलाचं, ज्याचा नर वेर्नरच्या नरापेक्षा बराच हलका होता. त्याचं मांस पुढे काय झालं ते त्याच्या घरच्यांनी कधी सांगितलं नाही. पण दुसऱ्या वर्षी तो मुलगा लेम्पीच्या दारात सगळ्यांत आधी उभा होता, बरगड्यांत काडी घालून.

चार दिवसांनी बर्फ पडलं. वेर्नर लेम्पीच्या गॅरेजच्या दाराशी आला तेव्हा त्याच्या टोपीवर ते होतं. आत थंड खोलीचं दार उघडं, आणि लेम्पी टेबलाशी पांढऱ्या कागदात शेवटचे पुडे बांधत होती. पुडे मागच्या भिंतीशी रचलेले, प्रत्येकावर काय आहे ते काळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं. तिनं मान वर केली नाही.

"कार्लानं पाठवलं," तो म्हणाला.

"तू कसला स्वतःहून येतोस!"

तो दारातच उभा राहिला. मग आत आला, एकेक पुडा उचलून खोक्यात भरू लागला. खोकी भरली. वेर्नरनं एक उचललं, ट्रकमध्ये ठेवलं, परत आला, दुसरं उचललं, ठेवलं, परत आला. शेवटचं उचलताना तो थांबला. काही म्हणायचं होतं त्याला. शेवटी त्यानं विचारलं ते एवढंच:

"किती गेलं?"

लेम्पीनं सुरी पुसली. दोन्ही बाजू, सावकाश.

"एक मांडी," ती म्हणाली. "ती तुझ्या मिरवणुकीनं खाल्ली. बाकीचं पोरांना खाऊ दे. आणि जाताना दार ओढून घे, माझी सगळी थंडी बाहेर चाललीय."